रजा कधी टाकायची

कोल्हापूर, 27 डिसेंबर

चि. सौ. चिऊ हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी शेवटपर्यंत काम करणार. कळा सुरू झाल्या की लॅपटॉप मिटायचा आणि दवाखान्यात जायचं." मी नुसतं "बरं" म्हटलं. तुझी मीटिंग सुरू व्हायची होती, आणि मला जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. रात्री झोप आली नाही. म्हणून आज सकाळीच लिहायला बसले.

तुझा हिशोब मला पाठ झाला आहे. 26 आठवड्यांची पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, पण आधी घेतला तेवढा आठवडा नंतरच्यातून वजा. आणि सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे तर मीच तीस वर्षं नर्स म्हणून घरोघरी सांगत हिंडले. 26 आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, मग त्यातला एक दिवसही आधी का घालवायचा, असं तुझं म्हणणं. पोरी, हा हिशोब खोटा नाही. मीही अगदी हाच केला होता. त्याचं पुढं काय झालं ते मात्र तुला कधी सगळं सांगितलं नाही.

तुला एवढंच ठाऊक आहे की तू जन्मलीस तेव्हा 1 किलो 900 ग्रॅमची होतीस आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत होतीस. का, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही.

1995 चा डिसेंबर. पल्स पोलिओची देशभरातली पहिली फेरी 9 डिसेंबरला झाली आणि दुसरी 20 जानेवारीला होती. तीन वर्षांच्या आतल्या प्रत्येक पोराच्या तोंडात एकाच दिवशी दोन थेंब. असं काम आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या उपकेंद्राखाली सात वाड्या, त्यातल्या तीन डोंगरावर, जिथं जीपही जात नसे. मला सातवा संपत आला होता. तेव्हा आम्हाला बाळंतपणाची रजा 90 दिवसांची. मी साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. ते म्हणाले, "बाई, फेरी होऊ दे, मग बघू." मी अर्ज परत पिशवीत घातला.

आजवर मी सगळ्यांना असंच सांगत आले की साहेबांनी रजा दिली नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. मी हट्ट धरला असता, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली असती, तर रजा मिळाली असती. मी धरला नाही, कारण आतून मला ते बरंच वाटलं होतं. 90 दिवसांतला एकही दिवस आधी मोडायचा नव्हता. सगळे तुझ्यासाठी राखून ठेवायचे होते.

20 जानेवारीला पहाटे मी लसीचा डबा खांद्याला लावून निघाले. आत बर्फाच्या चार चकत्या आणि लस, वजन फार नसतं, पण चढाला ते जाणवतं. छत्तिसावा आठवडा चालू होता. दोन दिवस डोकं दुखत होतं, ते मी जागरणावर घातलं. पाय सुजले होते, ते चालण्यावर घातलं. दुपारी तिसऱ्या वाडीत एका म्हातारीच्या ओसरीवर पाणी प्यायला बसले. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "नर्सबाई, बांगड्या कुठं चालल्या तुमच्या?" मी बघितलं. डोहाळजेवणाला कासारानं भरलेला हिरवा चुडा मांसात रुतला होता. एकही बांगडी मनगटावर फिरत नव्हती. दोन बांगड्यांच्या मध्ये कातडी वर उचलून आली होती, पोळी फुगावी तशी. आणि मी त्याच हातांनी सकाळपासून शंभरावर पोरांना थेंब पाजले होते. मला दिसलं नाही.

तेव्हा कुठं लक्षात आलं की सकाळपासून मधूनमधून डोळ्यांसमोर काजवे चमकत आहेत. डोकेदुखी, काजवे, हातातोंडावर सूज, बरगडीखाली दुखणं. ही यादी मी दर आठवड्याला गरोदर बायांना म्हणून दाखवत होते, "यातलं काही झालं तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही" असं बजावत होते.

संध्याकाळी केंद्रावर सहायिकाबाईंनी बीपी घेतलं. 160 वर 110. 140 वर 90 च्या पुढं गेलं की आम्ही धोक्याची खूण करायचो. मग त्यांनी माझी लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नितळ असायला हवी ती वरच्या बाजूनं ताकासारखी गढूळ झाली. लघवीतून प्रथिनं जात होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काही बोलायची गरजच नव्हती.

रात्री जीपमधून सीपीआरला, कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेलं. बाबा वाटेत भेटले. झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं दिली, ती आग मला अजून आठवते. सलाईन लावायला हात सापडेना, म्हणून तिथल्या सिस्टरनी चुडा फोडला. हिरव्या काचा लोखंडी ट्रेमध्ये पडताना वाजत होत्या. कळा येण्याची औषधं दिली आणि 21 तारखेला रात्री तू झालीस. त्या लोकांनी आपल्या दोघींना वाचवलं.

मी काम केलं म्हणून बीपी वाढलं, असं मात्र समजू नकोस. तसं नसतं. घरी पलंगावर पडून राहिलेल्या बायांचंही वाढतं, आणि बाकी सगळं ठीक असेल तर काम केल्यानं बाळाला सहसा काही होत नाही. कामानं एकच झालं. कामात असल्यामुळं मला ते दिसलं नाही. डोकं पुढच्या वाडीत, पुढच्या पोरात, यादीतल्या उरलेल्या घरांत. शरीर दोन दिवस सांगत होतं आणि ऐकायला कुणी घरी नव्हतं. मला तुझ्या लॅपटॉपची भीती वाटते ती एवढ्यासाठीच. तू डोंगर चढणार नाहीस, डबा उचलणार नाहीस. पण मार्चमधलं तुझ्या प्रोजेक्टचं ते गो-लाइव्ह म्हणजे माझी पोलिओची फेरीच आहे. चार तास तू खुर्चीवरून उठत नाहीस, पाणी पीत नाहीस, हे मी दिवाळीत स्वतः बघितलं आहे. त्या चार तासांत बाळ हललं का, असं विचारलं तर तुला सांगता येईल?

आणि ते राखून ठेवलेले दिवस? त्यातले पहिले अकरा तू काचेच्या आत होतीस आणि मी बाहेर. तुला ओढून प्यायची ताकद नव्हती. मी वाटीत दूध काढून द्यायची, सिस्टर ते नळीनं देत.

मी कामाच्या विरुद्ध नाही, चिऊ. 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला होता. त्यात माझे पाय झिजले आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तुझ्या जन्मानंतरच्या फेरीत माझ्या तीन डोंगरी वाड्या दुसऱ्या बाईनं केल्या. एकही पोर राहिलं नाही.

मला अजून एक बाई आठवते. आमच्या भागात ऊसतोडीला बीडकडून टोळ्या यायच्या, फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडायच्या. तपासायला गेले तर ती मोळी बांधत होती, दिवस भरलेले. मी म्हटलं, आता तरी थांब. ती म्हणाली, "बाई, खाडा पडतो." नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस कामाला नाही गेलं की मुकादम पैसे कापणार. तिला तारीख ठरवायची सोयच नव्हती. ती फडातच बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी पुन्हा मोळी बांधताना दिसली. तुझ्या हातात तारीख आहे. ही चैन नाही, ती मिळवायला बायकांच्या किती पिढ्या गेल्या. 1961 साली कायदा झाला तेव्हा 12 आठवडे होते, 2017 साली पहिल्या दोन मुलांसाठी 26 झाले. त्यातले 8 आठवडे आधी घेता येतील, असं ज्यांनी लिहिलं त्यांनी काहीतरी बघूनच लिहिलं असणार.

आता तुझ्या सहा महिन्यांच्या दुधाबद्दल, कारण तुझं मन तिथंच अडकलं आहे हे मला कळतं. समज तू तीन आठवडे आधी थांबलीस. मागे 23 उरले. म्हणजे पाच महिने आणि वर थोडे दिवस. उरलेल्या तीन आठवड्यांची सोय कायद्यातच आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. रजा संपल्यावर घरून काम करायचं, हेही कंपनीशी बोलून ठरवता येतं, आणि तुझं काम तर तसंच आहे. देव न करो, पण बाळंतपणातून काही दुखणं उद्भवलं किंवा बाळ लवकर आलं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. शिवाय दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं की दिवसभर टिकतं. वाटीचमच्यानं मी पाजीन. तीन आठवड्यांसाठी तुझं बाळ उपाशी राहणार नाही, त्याची आजी अजून धडधाकट आहे.

तुझी तारीख 14 मार्च. पण त्या तारखेवर भिस्त ठेवू नकोस. पाळीवरून नऊ महिने सात दिवस मोजून ती काढतात, पण नेमक्या त्या दिवशी शंभरात चार-पाच बायाच बाळंत होतात. मी इतकी बाळंतपणं केली, तारीख पाळणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून मी असं म्हणते. 31 जानेवारीला चौतीस आठवडे पूर्ण होतात. त्यानंतर हिंजवडीला ऑफिसात जायचं नाही. त्या ट्रॅफिकमध्ये दीड तास जायला, दीड तास यायला, आणि वाटेत बाथरूम नाही. घरून काम कर, पण तासाला एकदा उठून घरातल्या घरात फेरी मार. आणि 20 फेब्रुवारीचा शुक्रवार हा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सदतीस आठवडे भरतात. त्यापुढं कितीही अडलं तरी नाही. हे आत्ताच, जानेवारीतच, लेखी कळवून टाक. म्हणजे तुझं काम दुसऱ्याला समजावून द्यायला तुलाही वेळ मिळेल आणि ऐनवेळी कुणाला "फेरी होऊ दे, मग बघू" म्हणायला जागा उरणार नाही. गरोदर आहे म्हणून किंवा रजेवर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात ठेव.

20 फेब्रुवारी ही शेवटची तारीख. त्याआधी बीपी वाढलं, हिमोग्लोबिन 11 च्या फार खाली गेलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टर थांब म्हणाल्या तर त्याच दिवशी रजा. तेव्हा हिशोब मांडत बसायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, असं विहीणबाईंनीही म्हटलं आणि माझीही हौस आहे. पण शेवटच्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरपर्यंत तुला हलवायची, नवे डॉक्टर, नवी फाइल, हे मला पटत नाही. मीच 18 फेब्रुवारीला येते. बाबा इथलं बघतील. माहेर माझ्याबरोबर येईल. अळीव आणि डिंक मी इथूनच आणते, तिकडचा डिंक मला आवडला नाही.

डोहाळजेवणाला कासारीणबाई दोन-चारच्या मापाच्या बांगड्या दाखवतील, हात लहान आहे म्हणतील. ऐकू नकोस. दोन-सहाच्या भर आणि सैल भर. जावईबापूंकडे बीपीचं मशीन दिलं आहे, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसून मग घ्यायचं आणि आकडे वहीत लिहायचे. आणि रोज रात्री काम मिटल्यावर डाव्या कुशीवर पड, बाळ हलतंय का ते बघ, बांगडी मनगटावरून पूर्ण फिरवून बघ. फिरली तर मला नुसतं "फिरली" एवढं पाठव. मी जागी असते.

तुझी,
आई