तव्याचा चटका आणि मागचा जन्म

महोदय,
आमच्या चाळीतल्या काकूंना तव्याचा चटका बसला, तो त्यांना कळलाच नाही. वास आला म्हणून सुनेने पाहिलं. मनगटाजवळ फिकट चट्टा दोन वर्षं होता. कुष्ठरोगाचं निदान झालं आणि जिन्यात कुजबुज सुरू झाली, ‘मागच्या जन्मीचं असणार काहीतरी.’ बोलणारी माणसं वाईट नाहीत, काकूंना डबाही देतात (दाराबाहेर ठेवून, ते सोडा).

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ सालीच शोधला. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, त्यालाही कितीतरी वर्षं लोटली. तरी संचित, प्रारब्ध आपल्या जिभेवर तयारच. स्वतःच्या दुःखाला कुणी भोग म्हणत असेल तर माझी हरकत नाही. शेजाऱ्याचा हिशेब आपण का मांडावा? काकूंनी चट्टा दोन वर्षं लपवला तो याच बोलण्याच्या धास्तीने. तेवढ्यात नस गेली, हात बधिर झाला.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. काकूंचं चौथ्या महिन्याचं पाकीट चालू आहे. भाकरी आता सून थापते.

– एक वाचक, ठाणे