उंच आई-बाबांची बाबागाडी: ओंकारला पत्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या बाबागाड्यांच्या लिंका पाहिल्या. कापडाचे रंग, मच्छरदाणी, बाटली ठेवायचा कप, सगळं फोटोसकट दिलंय. हँडल जमिनीपासून किती उंच आहे, हे मात्र एकाच ठिकाणी सापडलं. तुझी उंची १८८ सेंमी, केतकीची १७४. तुमच्यासाठी हा आकडा सगळ्यात आधी, रंगबिंग मागून.

बाळ येण्याआधी गाडी घरात आणू नका असं आजीचं म्हणणं आहे, तर नका आणू. तसंही पहिला सव्वा महिना बाळ घरातच असणार. पण मापं आत्ताच घेऊन ठेवा. नंतर दुकानात तासभर उभं राहायची सवड तुम्हाला मिळायची नाही.

रोजची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभा राहा, कोपर काटकोनात वाकव आणि केतकीला जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरायला सांग. कोपर साधारणपणे उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. म्हणजे तुझं ११८ च्या आसपास, बुटासकट १२०. केतकीचं ११०, चपलेसकट ११२. ढकलायच्या गाडीचं हँडल कोपराच्या ८ ते १५ सेंमी खाली असलं की हात सैल राहतो आणि जोर सरळ पुढे जातो. कारखान्यातल्या ट्रॉलीला आम्ही हाच हिशेब लावायचो. तेव्हा तुला १०५ ते ११२ पाहिजे आणि केतकीला ९७ ते १०४. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं हँडल शंभराच्या आसपास थांबतं. केतकीचं त्यात भागेल. तू मात्र कमरेतून पुढे झुकून चालशील, आणि कमरेच्या स्नायूंना सगळा वेळ ते झुकलेलं धड धरून ठेवावं लागेल. दहा मिनिटांत काही जाणवणार नाही. रोजच्या तासाभराच्या फेरीत जाणवेल. जास्त उंच हँडलही नको. ते कोपराच्या वर गेलं की खांदे उचलले जातात आणि मान धरते.

वेबसाइटवर ‘उंची’ म्हणून जो आकडा असतो तो पुष्कळदा छपराच्या टोकापर्यंतचा असतो. त्यावर जाऊ नकोस. दुकानदाराला फोन करून हँडलला टेप लावलेला फोटो मागव, हँडल सगळ्यात वर असताना आणि सगळ्यात खाली असताना, असे दोन.

आता हँडल वरखाली होतं कसं, ते बघ. एका प्रकारात नळीतून नळी सरकते. दुसऱ्यात हँडल दोन्ही बाजूंच्या बिजागरीवर फिरतं. सरकणारं हँडल चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, तिरक्या रेषेत बाहेर येतं, म्हणून उंची वाढते तसं ते तुझ्याकडेही येतं आणि पायाला जागा मिळते. फिरणारं हँडल गोलाईत जातं. मधल्या खाचेत ते तुझ्या सगळ्यात जवळ असतं; तिथून वर नेलं की उंची मिळते, पण ते गाडीकडे सरकतं आणि पावलाची जागा कमी होते. उंच माणसाला सरकणारं बरं. छत्रीसारखी मिटणारी दोन मुठींची गाडी असते तिच्या मुठी बहुधा वरखाली होतच नाहीत, शिवाय ती एका हातानं सरळ चालवता येत नाही. दुसऱ्या हातात फोन असणारच, म्हणून सांगतो.

चौथा प्रकार आपल्याकडे फार खपतो. हँडल डोक्यावरून पलटी मारून दुसऱ्या बाजूला आणायचं, म्हणजे बाळाचं तोंड आपल्याकडे होतं. सोय छान वाटते. पण पलटलं की पुढची गरगर फिरणारी चाकं तुझ्या पायाशी येतात आणि स्थिर चाकं पुढे जातात. मग गाडी वळवताना तिचं शेपूट हलतं. ब्रेक पलीकडच्या टोकाला राहतो. हँडल आणि जवळचा आस (चाकं जोडणारा आडवा दांडा) यांतलं अंतरही बदलतं, म्हणजे एका बाजूनं पाय मोकळा आणि दुसऱ्या बाजूनं नडगी ठेचलेली. बाळ आपल्याकडे बघायला हवं असेल तर बैठकच उचलून उलटी बसवता येते अशी गाडी बघा. महाग पडते, पण या एका गोष्टीला मी पैसे मोजीन.

पायाची जागा हा उंच माणसाचा खरा प्रश्न आहे, आणि दुकानात तो लक्षातच येत नाही, कारण दोन मांडण्यांच्या मधल्या बोळात कोणीही आखूड पावलं टाकतो. तुझं एक पाऊल मोकळ्या रस्त्यावर ८० सेंमीच्या जवळपास पडतं. टाच टेकते त्या क्षणी चवड्याचं टोक बेंबीच्या साधारण ६० सेंमी पुढे असतं. हँडल धरल्यावर तुझी बेंबी त्याच्या ३० सेंमी मागे. म्हणजे हँडलपासून मागचा आडवा दांडा किमान ३० सेंमी पुढे हवा. केतकीला २५ चालतील. मोजायला सोपं आहे. दोऱ्याला किल्ली बांधून हँडलवरून सोड, किल्ली जमिनीला टेकेल तिथून मागच्या दांड्यापर्यंत टेप लाव. आसापेक्षा त्याच्याही मागे आलेला ब्रेकचा दांडा जास्त लागतो, तेव्हा माप त्याच्यापर्यंतचं घे. पाय लागत असेल तर माणूस नकळत हात लांब करतो, पुढे झुकतो, आणि उंच हँडलचा फायदा तिथेच संपतो.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग हँडल जितकं मागे तितकं चांगलं. तसं नाही. हँडल आसाच्या मागे गेलं की ते तरफेचं टोक होतं. समज, हलकी गाडी ६ किलोची आहे, तिचं वजन मागच्या आसाच्या २० सेंमी पुढे एकवटलंय आणि हँडल आसाच्या ४० सेंमी मागे. बाळ उचलून घेतल्यावर हँडलला ३ किलोपेक्षा जास्त भाजी लटकत असेल तर गाडी मागे उलथते. तेच हँडल ५० सेंमी मागे असेल तर २.४ किलोलाच. ७ किलोचं बाळ आत असताना हे आकडे ६.५ आणि ५.२ होतात, पण सोसायटीच्या रॅम्पवर चढताना वजन आसाकडे सरकतं आणि तेही खाली येतात. त्यामुळे हँडलला पिशवी लावायचीच नाही. सामान खालच्या टोपलीत, तेही टोपलीवर लिहिलेल्या वजनाच्या आत. उंच हँडलच्या गाडीला मागचा पाया लांब आणि चॅसी थोडी जड असलेली चांगली. दहा-बारा किलोची गाडी उचलायला नको वाटते, चालवायला मात्र तीच शांत असते.

हँडल लांबवायचे जोड ऑनलाइन मिळतात. नळीवर क्लॅम्प आवळायचा, ८ ते १० सेंमी वाढतात. तुझा हात शिवशिवणार आणि तू घरीच पाइप कापून काही करायला बघणार, हे मला माहीत आहे. करू नकोस. गोल नळीवरचा क्लॅम्प वापरून वापरून फिरतो, आणि वाढलेला सगळा ताण घडीच्या सांध्यातल्या रिवेटवर जातो. तो रिवेट जुन्या लांबीसाठी बसवलेला असतो. आधी सांधा खुळखुळतो, मग प्लॅस्टिकच्या लॉकला चीर जाते.

वाकण्याचा हिशेब हँडलपाशी संपत नाही. दिवसातून दहा वेळा बाळ आत ठेवायचं आणि बाहेर काढायचं. हात सोडून उभा राहिलास तर तुझ्या बोटांची टोकं जमिनीपासून सुमारे ७० सेंमीवर असतात. बैठकीचा तळ ४५ वर असेल तर गुडघे वाकवूनच उचलावं लागेल, ६० वर असेल तर थोडक्यात भागेल. स्टोके या नॉर्वेच्या कंपनीनं २००३ मध्ये एक्सप्लोरी नावाची गाडी काढली. तिची बैठक मधल्या खांबावर वरखाली सरकते. डच कंपन्यांच्या गाड्यांचीही, म्हणजे बगाबू किंवा जूल्झ, हँडलं सहसा शंभराच्या वर जातात. तिकडची माणसंच उंच. या गाड्या इथे फार महाग पडतात. पण परदेशातून परतलेल्या एखाद्या कुटुंबाची वापरलेली मिळाली तर नक्की बघा. वापरलेल्या गाडीत कापडापेक्षा सांधे तपास. गाडी उघडून हँडल डावी-उजवीकडे पिळ. कट्‌कट् आवाज आला आणि दोन्ही नळ्या वेगवेगळ्या हलल्या तर सोडून दे.

केतकीचं सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टर सांगतील. गाडीची घडी करणं आणि डिकीत टाकणं तुझ्याकडे.

पहिल्या सहा महिन्यांचं बाळ बसतं नको, आडवं हवं. ईएन १८८८ या युरोपीय मानकात इतक्या लहान बाळाच्या बैठकीसाठी पाठ आणि बूड यांत किमान १५० अंशांचा कोन सांगितला आहे. ‘पूर्ण आडवी’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी पाठ पाडून बघा. काही गाड्यांत नुसता पट्टा सैल होतो आणि खाली झोळ पडतो. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा घ्या. आणि छपरात वरून बघायची खिडकी असू दे. तुझ्या उंचीवरून खाली पाहिलं तर छपराशिवाय काही दिसत नाही. ऊन लागतं म्हणून छपरावरून पंचा किंवा दुपटं टाकायचं नाही. आतली हवा कोंडते आणि फार पटकन तापते.

पुण्याच्या फुटपाथवर १५ सेंमीची जोडचाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत अडकतात. पुढची २० आणि मागची २५ च्या वर असू देत. उंच माणसं भरभर चालतात. त्या वेगात पुढचं फिरतं चाक थरथरायला लागलं तर त्याची पिन सैल असू शकते. दुकानातच चाक धरून हलवून बघ आणि ते सरळ लॉक होतं का तेही बघ. हवेच्या चाकांमुळे धक्के कमी बसतात, पण आपल्या रस्त्यांवर पंक्चर ठरलेलं. फोम भरलेली घ्या.

दुकानात जाताना पाच किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या घेऊन जा, लाजू नकोस. त्या बैठकीत पट्ट्यानं बांध आणि गाडी बाहेर फुटपाथवर काढू दे म्हण. वीस पावलं तुझ्या नेहमीच्या वेगानं चाल. एका हातानं वळव. पायरीपाशी हँडल दाबून पुढची चाकं उचल. चप्पल घालून ब्रेक लाव आणि काढ. अंगठ्यानं वर उचलून सुटणारा ब्रेक चपलेत फार छळतो, दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा घे. मग हेच सगळं केतकीनं करायचं. हँडलच्या दोन खाचांत चार-पाच सेंमीचं अंतर असेल तर तुमच्यापैकी एकाला कायम अडचण होईल. अडीच-तीनच्या खाचा हव्यात, आणि एका हातानं बदलता आल्या पाहिजेत.

तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली मोजून ठेव. हँडल बाहेर काढलेली गाडी मीटरभर लांब होते. डिकीत सीएनजीची टाकी आहे, तेव्हा उरलेली जागाही तिन्ही बाजूंनी मोज. मिटलेल्या गाडीचं माप हँडल आत सरकवून दिलेलं असतं, हे लक्षात ठेव.

मापं झाली की मला कळव. केतकीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. सरकणाऱ्या हँडलच्या नळ्यांत तेल कधी घालू नकोस. त्याला धूळ चिकटते आणि हँडल अर्ध्यावर अडकतं. कोरड्या फडक्यानं पुसून सिलिकॉनचा स्प्रे मार. पावसात भिजलेली गाडी मिटून ठेवायची नाही, उघडून पंख्याखाली वाळवायची, नाहीतर कापडावर बुरशी धरेल.