अणुकचऱ्याचा ‘तात्पुरता’ मुक्काम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातील अणुकचऱ्याच्या वादावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यात दोन निराळ्या प्रकल्पांची सरमिसळ झाली आहे. शिवाय तिथला विरोध म्हणजे किरणोत्साराची अडाणी भीती, असा सूर लागला आहे. वाद इतका सोपा नाही.

पहिला प्रकल्प म्हणजे कार्ल्सबाडपासून सुमारे 42 किलोमीटरवरचे ‘विप’ हे भांडार. जमिनीखाली 655 मीटरवर, मिठाच्या थरात, ते 1999 पासून चालू आहे. तिथे अण्वस्त्रांच्या कारखान्यांतला प्लुटोनियम लागलेला कचरा जातो : हातमोजे, हत्यारे, गाळ, माती. दाबाखाली मीठ हळूहळू सरकते आणि खोदलेली पोकळी आपोआप बुजवते, म्हणून जागा मिठातली निवडली. वीजकेंद्रांतले वापरलेले इंधन इथे आणायला 1992 च्या कायद्यानेच मनाई आहे.

लेखात ज्या ‘गळती’चा उल्लेख आहे ती 14 फेब्रुवारी 2014 ची, याच भांडारातली. तिचे कारण मात्र लेखात नाही. लॉस अलामोस या अण्वस्त्र प्रयोगशाळेत नायट्रेट क्षारांच्या कचऱ्यातला ओलावा शोषण्यासाठी मांजराच्या शौचपेटीत घालतात ती खनिज माती वापरत. कार्यपद्धतीच्या कागदात बदल होताना तिच्या जागी गव्हापासून केलेला ‘सेंद्रिय’ प्रकार आला. नायट्रेट ज्वलनाला ऑक्सिजन पुरवते आणि गव्हाचा चुरा म्हणजे सरळ जळण. पिंपात उष्णता साठत गेली, वायूचा दाब वाढला, झाकण उचकटले. वीसेक कामगारांच्या शरीरात अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य गेले आणि भांडार जवळपास तीन वर्षे बंद राहिले. मिठाच्या थराने काहीच चूक केली नव्हती. चूक जमिनीवरच्या टेबलावर झाली होती, आणि राज्याचा विश्वास तिथेच तडकला.

दुसरा प्रकल्प ली काउंटीतला, होल्टेक कंपनीचा. ज्यावरून राजकारण पेटले तो हा. देशभरातल्या वीजकेंद्रांतले वापरलेले इंधन आणून जमिनीत जेमतेम पुरलेल्या उभ्या कोठ्यांत ठेवायचे, अशी योजना होती : पहिल्या टप्प्यात 500 डबे, सुमारे 8,680 टन युरेनियम, पुढे 10,000 डब्यांपर्यंत वाढ. केंद्रीय नियामक आयोगाने मे 2023 मध्ये 40 वर्षांचा परवाना दिला. लेखात ‘स्थानिकांचा विरोध’ असे सरसकट म्हटले आहे, तेही बरोबर नाही. कार्ल्सबाड आणि हॉब्ज ही शहरे व त्यांच्या दोन्ही काउंट्या रोजगारासाठी प्रकल्पाच्या बाजूने होत्या. विरोधात होते राज्य सरकार, पशुपालक आणि पर्मियन खोऱ्यातले तेलवाले. खुद्द न्यू मेक्सिकोत विजेची एकही अणुभट्टी नाही.

तांत्रिक आक्षेप समजायला डब्याची रचना पाहावी लागते. इंधन काही वर्षे पाण्याच्या हौदात थंड झाले की इंधनकांड्यांचे 37 किंवा 89 जुडगे (अणुभट्टीच्या प्रकारानुसार) स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ठेवतात, पाणी काढून हेलियम भरतात आणि झाकण वेल्ड करतात. डब्याची भिंत सव्वा ते दीड सेंटिमीटर जाडीची. बाहेर काँक्रीटचे कवच, मधल्या फटीतून नैसर्गिक हवा खेळते. पंखा नाही, पंप नाही. रचना चांगली आहे, यात शंका नको. पण हवेबरोबर क्षारयुक्त धूळही आत जाते. डबा गरम असेपर्यंत क्षार कोरडा राहतो. काही दशकांनी पृष्ठभाग थंडावला की तोच क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि वेल्डजवळच्या ताणलेल्या धातूला क्लोराइडमुळे तडे जाऊ शकतात. म्हणजे किरणोत्सार कमी होत असताना गंजाचा धोका वाढतो.

असा डबा उघडून इंधन दुसऱ्यात भरायचे तर पाण्याचा हौद किंवा किरणोत्सार अडवणारी जाड भिंतींची खोली (‘हॉट सेल’) हवी. होल्टेकच्या पहिल्या टप्प्यात दोन्ही नव्हते. खराब डबा आला तर तो आला तिथे परत पाठवायचा, असे उत्तर होते. ज्या केंद्राची अणुभट्टी आणि हौद दोन्ही पाडून टाकलेत, तिथे परत पाठवून करणार काय?

आणि खरी मेख कायद्यात आहे. 1982 च्या कायद्यानुसार 31 जानेवारी 1998 पासून हे इंधन ताब्यात घेणे सरकारवर बंधनकारक होते. 1987 मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायमच्या भांडारासाठी नेवाडा राज्यातल्या युका पर्वताशिवाय बाकी सगळ्या जागा वगळल्या. 2002 मध्ये नेवाडाच्या गव्हर्नरने नकार दिला, तो काँग्रेसने मोडीत काढला. पुढे ओबामांच्या काळात पैसाच आटला आणि प्रकल्प निजला. मात्र 1987 च्याच दुरुस्तीत एक शहाणपणाची अट होती : कायमच्या भांडाराला बांधकाम परवाना मिळाल्याशिवाय सरकारने तात्पुरते साठवणकेंद्र बांधायचे नाही. खासगी कंपनी पुढे करून ही अट बाजूला पडली. न्यू मेक्सिकोने मार्च 2023 मध्ये केलेला कायदा जवळपास तीच अट परत आणतो : राज्याची संमती आणि चालू असलेले कायमचे भांडार, या दोन्हींशिवाय राज्याचे परवाने नाहीत. जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या टेक्सास राज्याचा अशाच प्रकल्पाच्या परवान्याविरुद्धचा दावा 6 विरुद्ध 3 मतांनी फेटाळला, पण टेक्सास आयोगाच्या परवाना प्रक्रियेत रीतसर पक्षकार नव्हते, या मुद्द्यावर. तरीही होल्टेकने त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतून माघार घेतली. आयोगाचा परवाना हातात असूनही राज्याची नाराजी परवडली नाही, असा याचा सरळ अर्थ.

हा प्रश्न परका मानू नये. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतले अमेरिकी इंधन वापरून झाल्यावर अमेरिकेने ना परत नेले, ना त्याच्या पुनर्प्रक्रियेला (त्यातली उपयोगी द्रव्ये वेगळी काढायला) संमती दिली. ते दशकानुदशके तारापूरलाच साठून राहिले, आधी हौदात, मग जादा साठवणकेंद्रात. आपण पुनर्प्रक्रिया करून उरलेला कचरा काचेत मुरवतो, त्याने आकारमान घटते. तरी त्या काचेसाठीही शेवटी खोल भांडार लागतेच. 2012 मध्ये कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींचे नाव त्यासाठी नुसते ऐकू आले, तेवढ्याने तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि अधिकाऱ्यांना खुलासे करावे लागले.

तेव्हा जैतापूरवर आपण पुढचा लेख छापाल त्यात अणुभट्टीच्या क्षमतेबरोबर हेही यावे : वापरलेले इंधन आवारात किती वर्षे राहणार, डबा बिघडला तर तो उघडायची सोय कुठे असणार, आणि तिथून ते कोणत्या तारखेपर्यंत हलवण्याचे बंधन कोणावर आहे.

आपला,
एक वाचक (निवृत्त अभियंता), ठाणे