बाथरूमच्या भिंतीतला आवाज

ती. आई-बाबांना सा. न.

प्लंबर भिंत फोडायला येण्याआधी हे वाचा. बेडरूमच्या बाजूने थर्माकोल लावून वर प्लाय ठोकू, असं तो म्हणाला असेल तर सरळ नाही म्हणा. थर्माकोलला वजन नसतं, तो आवाज अडवत नाही. आवाज येतो तो पाइप सिमेंटात घट्ट रुतलाय म्हणून. अख्खी भिंतच वाजते.

गीझर चालवल्यावर होणारी टिकटिक त्यातलीच. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) तीन मीटर पाइप 30-35 अंशांनी तापला की साधारण 6 मिलिमीटर वाढतो. सरकायला जागा नसली की अडकत, सुटत वाजतो. म्हणून नवीन पाइपवर, निदान गरम पाण्याच्या, पॉलिथिन फोमची 6 मिलिमीटर जाडीची नळी चढवायची, कोपऱ्यांवरसुद्धा. कोपरा उघडा राहिला तर सगळी मेहनत वाया. काळी रबरी नळी नको, काही रबरांतल्या तेलाने सीपीव्हीसीला तडे जातात. फक्त नळाजवळचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, पक्का बसवायचा. टाइलच्या भोकाभोवती व्हाइट सिमेंट न भरता सिलिकॉन भरायला लावा.

पाऊण इंची पाइप फोमसकट 34 मिलिमीटर होतो. आपली ती भिंत साडेचार इंची, म्हणजे उभी झिरी, पाइपसाठी भिंतीत कोरायची खाच, जेमतेम बसेल. आडवी अजिबात मारू देऊ नका, भिंत कमकुवत होते. आडवा पाइप बाथरूमच्या आतून, बाहेरच्या जाड भिंतीवरून न्यायचा. सांध्यांचं सोल्युशन वाळायला एक दिवस द्या, मग पाइपात दाबाने पाणी भरून प्रेशर टेस्ट. दाबमापकाचा काटा हलला नाही तरच प्लास्टर.

नळ झटकन बंद केल्यावर ‘ठक्’ होतं, त्यासाठी प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह तो गळ्यात मारेल. टाकी तुमच्यापेक्षा सहा मजले वर, साधारण 20 मीटर, म्हणजे दोनच बार. तो व्हॉल्व्ह नको. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ, थोडा बंद करा. शीळ घालायला लागला तर परत किंचित उघडा. फ्लश टँक भरताना भुणभुण होत असेल तर आतल्या बॉल कॉकचा वॉशर बदलायचा, एवढंच.

वरच्यांच्या फ्लशचा खळखळाट मात्र डक्टमधल्या चार इंची पाइपचा. तो पातळ पीव्हीसीचा आहे, जुन्या बिडाच्या पाइपइतका जड नाही. त्याला 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) गुंडाळून बाहेरून सिमेंट बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येता. बोर्डाची फ्रेम पाइपला कुठेही टेकता कामा नये, टेकली की बोर्डच वाजायला लागतो. क्लॅम्प रबर लावलेले घ्या. साफसफाईचं झाकण उघडता येईल असं दार ठेवा, आणि डक्ट सोसायटीचा आहे, तेव्हा बाबा, सेक्रेटरींना आधी अर्ज द्या.

आई, प्लास्टर होण्याआधी प्रत्येक झिरीचा मोजपट्टी धरून फोटो काढ आणि मला पाठव. पुढे खिळा ठोकताना लागेल.

तुमची,
लेक