जहाजावर पोचलास की वाच

बडोदे

चि. निनाद, अनेक आशीर्वाद.

तुला अहमदाबादच्या विमानतळावर सोडून आम्ही एक्सप्रेस हायवेला लागलो. बाबा नडियादपर्यंत गप्प. मग एकदम म्हणाले, "पेंग्विन फारच लहान निघाले." रडायचं नाही असं ठरलं होतं, ते त्यांनी असं निभावलं.

शेवटच्या दिवशी सायन्स सिटीतलं मत्स्यालय, हा तुझाच हट्ट. मला माणेक चौकात जायचं होतं. पण त्या 28 मीटरच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क गेला तेव्हा बाबांनी माझा दंड धरला, आणि तू मान वर करून सांगत होतास की काही शार्कना थांबताच येत नाही, थांबले तर श्वास कोंडतो. पाकट मासा काचेवरून वर सरकला. त्याच्या पोटाकडचा हसरा चेहरा बघून मी म्हटलं, किती गोड! तर तू म्हणालास, ते डोळे नव्हेत, नाकपुड्या. डोळे वरच्या अंगाला. कधी शिकलास रे हे सगळं? ऊर भरून आला होता, आणि त्याच दमात तू म्हणालास, "माझी वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, रात्री बारा ते चार." पुढे कोणते मासे बघितले, मला विचारू नकोस.

वॉच ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत असते, काचेच्या आत, ते तू समजावलंस. तरी माणूस वारा खायला बाहेर पडतोच. एकट्याने पडू नकोस.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी समा भागातल्या आपल्या घरापर्यंत आली, सोसायट्यांतून मगरी निघत होत्या. तू कुणाला न सांगता मांडीभर पाण्यातून तळमजल्यावरच्या काकूंची इन्सुलिनची पिशवी डोक्यावर धरून घेऊन आलास. मी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगते. पण त्या दिवशी जिन्यात उभी होते तेव्हा वाहत येणारा प्रत्येक ओंडका मला मगर दिसत होता. तुझ्यासारखी पोरं कठडा धरत नाहीत, हीच पंचाईत आहे. वरिष्ठांचं ऐकावं, झोप पुरी घ्यावी, ओल्या डेकवर पळू नये, पहिल्या पगारात उधळपट्टी...

बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस. एवढं सेफ्टीचं प्रशिक्षण घेतलंयस, तुला मी काय सांगायचं!

लीलो चेवडो बॅगेच्या तळाशी आहे, तेल सुटायच्या आत संपव, सोबतच्यांनाही दे. आजीने अख्ख्या भजनी मंडळाला तू कॅप्टन झालास म्हणून सांगितलंय. मी दुरुस्त केलं नाही.

नेट मिळेल तेव्हा दोन शब्द टाक. मात्र वॉच संपवून, खोलीत जाऊन, बसून टाक. चालता चालता फोन बघायची सवय आहे तुला.

तुझी,
आई