कुंकू पुसलं, गोंदण उरलं

बहिणाबाई चौधरी, आमची बहिणाई,

तुला पत्र लिहायचं म्हणजे अडचणच. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला वाचून दाखवणारे तुझे चिरंजीव सोपानदेवही आता नाहीत. म्हणून हे लिहिणं कमी, मोठ्यानं बोलणंच जास्त. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात तुझं घर जपून ठेवलंय. तिथं तुझ्यासमोर येऊन बसलेय, असं समज.

तुझं माहेर जळगावजवळचं असोदं, माझ्या मायचंही तेच. तुझी गाणी तिनं पुस्तकातून घेतली नाहीत. असोद्याच्या बायांच्या तोंडून आणि पुढे आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरून ती तिच्याकडे आली. कुठलं गाणं कुठून आलं, तिलाही सांगता यायचं नाही.

1991 च्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. मी अकरा वर्षांची, भाऊ सात, माय चौतिशीची. रावेरकडे आमची केळी नुकती निसवत होती. तेरावं होऊन आठवडा झाला नाही तोच लांबचे एक काका जोतिष्याला घेऊन आले. जमीन ठेवायची की विकायची, ते हात बघून ठरवू म्हणाले. मायला हात पुढे करायला सांगितला. वडील गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या ती तुझं गाणं म्हणायला लागली. तेच, ज्यात तू जोतिष्याला सांगतेस, माझा हात पाहू नकोस, माझ्या दारी येऊ नकोस. गायली नाही हं, नुसतं म्हटलं, बाजारात भाव सांगावा तसं. काका खाली बघत राहिले. जोतिष्यानं मात्र बशीतला चहा पूर्ण संपवला आणि मगच चपला घातल्या. जमीन राहिली.

त्या वयात मला एवढंच कळलं, की गाणं म्हणून माणसाला दारातून परत पाठवता येतं. बाकीचं कळायला वर्षं गेली. तुझा नवरा गेला तेव्हा तूही तिशीच्या आसपासचीच होतीस, पदरी लेकरं होती. तू काय म्हटलंस? कर्माची रेघ कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं आणि ती उघडी पडली. आमच्याकडे बाया कुंकवाला राखण मानतात. तू त्याला झाकण म्हटलंस! आणि दुसऱ्या गाण्यात उरल्यासुरल्याचा हिशोब मांडलास. कुंकू गेलं पण गोंदण राहिलं, बांगड्या फुटल्या पण मनगटात करतूत राहिली. हे मी मायच्या अंगावर पाहिलं. तिच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं. त्या आधी कुंकवाखाली ते माझ्या कधी नजरेतच भरलं नव्हतं. आणि मनगटं म्हणशील तर पुढची वीस वर्षं तिनं त्याच मनगटांनी केळीची पिलं कापली, घड वाहिले. चिकाचे काळे डाग तिच्या लुगड्यांवरून गेलेच नाहीत.

आणखी एक देणं आहे, छोटंसं. शाळेत आम्हाला 'डोया' नाही 'डोळा' म्हण, 'जयगाव' नाही 'जळगाव' म्हण, असं सारखं बजावलं जायचं. पुस्तकात तुझी कविता आली आणि वर्गात सगळ्यांत नीट ती आम्हीच वाचली. शहरातून बदलून आलेल्या बाईंची जीभ अडखळत होती. केवढी गंमत वाटली होती! (तुझ्या बोलीला लोक सर्रास अहिराणी म्हणतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. धुळ्याकडच्या माझ्या मावशीची ती अहिराणी, तुझी-माझी ती लेवा बोली. दोघी एका पंगतीला बसतात, पण ताटं वेगळी.)

सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांचेही आभार इथंच मानते. तू घरोट्यावर, म्हणजे जात्यावर बसून म्हणायचीस आणि ते टिपून घ्यायचे. तू 3 डिसेंबर 1951 ला गेलीस. पुढे ती वही अत्र्यांनी पाहिली, आणि हे झाकून ठेवणं गुन्हा आहे, असं तेच म्हणाले. 1952 साली पुस्तक आलं. त्या दोघांनी पेन्सील उचलली नसती तर माझ्या मायकडे त्या दिवशी काय असतं? मी मात्र नाही उचलली. दळताना, पाखडताना माय स्वतःचंही काहीबाही जुळवायची, एकदा मांजरीवर, एकदा बँकेच्या साहेबावर. आम्ही हसलो आणि विसरलो. गेल्या वर्षी मोबाईलवर रेकॉर्ड करायला बसले तर ती म्हणाली, "आता नही आठवत माय."

गेल्या महिन्यात भाच्याला पदवी मिळाली. 2018 पासून आपल्या जळगावच्या विद्यापीठाला तुझं नाव आहे, त्यामुळे प्रमाणपत्रावर ते ठळक छापलेलं. नातवानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मायनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यावर बहिनाबाईचा अंगठा कोठे रे?"

तुझी,
असोद्याची एक भाची