गाभ्याच्या लायब्ररीत ऐच्छिक गोष्टी नकोत

संपादक महोदय,

सॉफ्टवेअरच्या सुरक्षेची आपल्याकडची चर्चा पासवर्ड आणि ओटीपीच्या पुढे क्वचितच जाते. कोणते मॉड्यूल (प्रणालीचा एक भाग) कोणत्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) विसंबून आहे, हा अभियंत्यांचा अंतर्गत मामला मानला जातो. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले ‘एक्सझेड’ प्रकरण ज्यांनी बारकाईने वाचले आहे, त्यांना हे मान्य होणार नाही.

सर्व्हरवर दुरून लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याशा खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेडच्या ‘लिबएलझेडएमए’ या फाइल आकसणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दडवलेला चोरदरवाजा शोधून काढला. वस्तुतः लॉगिनचे काम करणाऱ्या ओपनएसएसएचला या लायब्ररीची काहीच गरज नव्हती. ‘सेवा सुरू झाली’ हा निरोप सिस्टमडीला (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीला) देता यावा म्हणून डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या काही वितरणांनी आपल्याकडच्या पॅचने (कोडमधील बदलाने) ओपनएसएसएचला तिची ‘लिबसिस्टमडी’ ही लायब्ररी जोडली होती, आणि ती लायब्ररी जर्नलच्या (सिस्टमडीच्या नोंदवहीच्या) नोंदी आकसण्यासाठी लिबएलझेडएमएला सोबत घेऊन येत होती. हा निरोप म्हणजे एका सॉकेटवर (प्रोग्रामांमधील संदेशमार्गावर) पाठवायचा ‘रेडी=१’ असा मजकूर असतो; तो मोजक्या ओळींच्या कोडने पाठवता येतो. पुढे ९.८ या आवृत्तीत ओपनएसएसएचने लिबसिस्टमडीशिवाय नेमके तेच केले. सिस्टमडीच्या विकासकांनीही अशा लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच लोड करण्याचा बदल हे प्रकरण बाहेर येण्याआधीच हाती घेतला होता, याचा उल्लेख व्हायला हवा.

आपल्याकडच्या पतसंस्था, रुग्णालये, नगरपालिका यांच्यासाठी लिहिलेल्या प्रणालींमध्ये हाच दोष लहान प्रमाणात पाहायला मिळतो. व्याज आकारणीच्या मॉड्यूलला आकडेमोडीपलीकडे काही लागत नाही. पण कधीतरी एक्सेल अहवालाची मागणी येते, घाईत त्याच फाइलच्या माथ्यावर एक्सेलची लायब्ररी इंपोर्ट केली (जोडून घेतली) जाते आणि त्यानंतर अहवाल कधीही न काढणाऱ्या शाखेतही ती लायब्ररी नसेल तर व्याजाची आकारणीच सुरू होत नाही. यावरचा उपाय अवघड नाही, मात्र तो चिकाटीने करावा लागतो. गाभ्याने (मूळ कामाच्या कोडने) फक्त इंटरफेस (जोडणीचा नमुना) ठरवावा, एक्सेल, पीडीएफ, एसएमएस यांचा कोड वेगळ्या पॅकेजमध्ये हलवावा आणि ते पॅकेज बसवलेले नसेल तर ‘अहवालासाठी अमुक पॅकेज बसवा’ असा स्पष्ट संदेश वापरकर्त्याला मिळावा. नुसते इंपोर्ट फंक्शनच्या आत सरकवणे मला अपुरे वाटते, कारण त्यामुळे अवलंबित्व तसेच राहते आणि वर नजरेआडही होते. ते पॅकेजच्या माहितीत ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदवलेले असलेच पाहिजे.

या कामातून पडद्यावर नवे काही दिसत नसल्यामुळे ग्राहक त्याचे पैसे देत नाहीत आणि कंपन्या ते पुढच्या तिमाहीवर ढकलतात. म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअर निविदेत एक अट घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: एकही ऐच्छिक लायब्ररी न बसवलेल्या कोऱ्या संगणकावर गाभ्याचे मॉड्यूल बिल्ड (कोडपासून तयार) झाले पाहिजे आणि त्याच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या पाहिजेत, तसा अहवाल प्रत्येक आवृत्तीसोबत सादर केल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे